विहारचें पाणी व शहराची तिजोरी

ह्या स्मरणिकेच्या संपादकमंडळानें आमच्याकडे धर्मग्रामाच्या इतिहासावर एक लेख मागितला. देवालयाच्या बांधणीचा, पूर्वींच्या धर्मगुरूंचा व शाळेचा वृत्तांत ह्याच अंकांत अन्यत्र येत आहे; तोच पुन्हां सांगण्यांत स्वारस्य नाहीं. म्हणून साष्टीच्या इतिहासांतील एक निराळेंच प्रकरण आम्ही निवडलें आहे. तें आमच्या लोकांच्या रोजच्या हंड्याशीं निगडित आहे; तरी त्याकडे फारच थोड्यांचें लक्ष गेलें असावें. तें प्रकरण पाण्याचें, आणि त्यांतही पाण्याच्या खर्चाचें. पाणीपट्टीचें बिल थोडें चढलें कीं आमच्या दाराशीं गाऱ्हाणें घेऊन येणारे सभासद पुष्कळ असतात. पाणी देवाचें, त्याला महानगरपालिकेनें दाम कां मागावा, असा त्यांचा रोख असतो. हा प्रश्न आजचा नव्हे. मुंबईंत तो दीडशें वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे, आणि त्याचीं जीं जीं उत्तरें वेळोवेळीं दिलीं गेलीं त्यांतूनच आपलें नगरशासन घडत गेलें.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेटांत पाणी मिळे तें विहिरींतून व तळ्यांतून. हीं तळीं बहुधा दात्यांच्या औदार्यानें झालेलीं. कावसजी पटेल ह्यांचें तळें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतलें, सी. पी. टँक हें त्या भागाचें नांव त्यावरूनच पडलें. कोटांतील भिखा बेहराम ह्यांची विहीर तर १७२५ सालची असून ती आजही गोडें पाणी देते. फ्रामजी कावसजी बनाजी ह्यांनीं मुगभाटांतील आपल्या वाडीच्या विहिरींचें पाणी वस्तीपर्यंत आणण्याची सोय स्वखर्चानें केली होती. धोबी तलाव, गोवालिया टँक हीं नांवें आज नुसतीं नांवेंच उरलीं आहेत. धोबी तलावाच्या जागीं आतां तळें नाहीं. आणि गोवालिया तळें बुजवून झालेल्या मैदानावर १९४२ च्या ऑगस्टमध्यें 'छोडो भारत'चा पुकारा झाला, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. ह्या दात्यांविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु धर्मादाय तळें दात्याच्या वाड्याशेजारीं किंवा त्याच्या जातभाईंच्या आळींत होई. जेथें दाता नाहीं तेथें तळेंही नाहीं. शिवाय तळें बांधणाऱ्याचें पुण्य त्याच्या नांवें राही, पण पुढें त्यांत गुरें धुतलीं जात कीं कपडे, हें पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नसे.

१८४९ सालीं झालेल्या गणतींत मुंबईची वस्ती ५,६६,११९ भरली. एवढ्या लोकांना तळीं पुरणें शक्य नव्हतें. त्यापूर्वींच, १८४५ सालीं, टंचाईमुळें लोकांत असंतोष माजला व सरकारनें दोन गृहस्थांची समिति नेमली. पुढें क्रॉफर्ड नांवाच्या एका कॅप्टनानें साष्टींतील मिठी नदी विहारच्या दरींत अडवावी अशी सूचना केली. सूचना चांगली होती, पण पैसा कोणी द्यावयाचा ह्या एका मुद्द्यावर ती वर्षानुवर्षें अडून राहिली. सरकार म्हणे, पाणी शहराला हवें, तर शहरानें खर्च सोसावा. शहरांतील प्रतिष्ठित मंडळी म्हणत, कर आधींच जड आहेत. मग १८५४ सालीं पावसानें दगा दिला. विहिरी आटल्या आणि आगगाडीनें व होड्यांनीं बाहेरचें पाणी आणून शहरांत ओतावें लागलें. बोरीबंदर ते ठाणें हा लोहमार्ग सुरू होऊन तेव्हां जेमतेम एक वर्ष लोटलें होतें. तो नसता तर काय प्रसंग ओढवला असता ह्याची कल्पनाच करावी. त्यानंतर चर्चा लांबली नाहीं. हेन्री कॉनिबेअर ह्या अभियंत्यानें योजना तपशिलानें मांडली आणि १८५६ सालीं काम सुरू झालें. (कुलाब्याच्या ज्या देवालयास लोक अफगाण चर्च म्हणतात, त्याचा आराखडाही ह्याच कॉनिबेअरचा. उंच मनोऱ्याकडे पाहणाऱ्यांस त्याच्या हातचें दुसरें काम, जमिनीखालून जाणारा नळ, सहसा आठवत नाहीं.)

लॉर्ड एल्फिन्स्टन गव्हर्नर असतां, १८६० सालीं, विहारचें पाणी बत्तीस इंच रुंदीच्या बिडाच्या नळांतून मुंबईस पोंचलें. चौदा-पंधरा मैलांचें हें अंतर पाणी केवळ उतारानें येई. पंपाची गरज नव्हती. हिंदुस्थानांतील शहरी नळयोजनांपैकीं ही अगदीं आरंभींची. सुमारे चौदाशें एकर जमीन पाण्याखालीं गेली. ही जमीन मुंबईची नव्हती. ती साष्टीची होती, आणि साष्टी तेव्हां ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. येथें आम्हांस आमच्या पूर्वजांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. मरोळजवळचें, सोळाव्या शतकांत जेझुइटांनीं बांधलेलें संत योहान बाप्तिस्ताचें देवालय १८४० सालच्या सांथीनें ओस पडलें. तेथील लोक वस्ती उठवून मरोळ गांवांत आले. त्याचे भग्नावशेष आज सीप्झच्या कुंपणाआड उभे आहेत. म्हणजे ज्या मुलुखांतल्या लोकांना रोगराईमुळें स्वतःचें देवालय सोडावें लागलें, त्याच मुलुखांतून वीस वर्षांनीं शहराला शुद्ध पाणी गेलें. साष्टींतील बहुतेक गांवठाणें मात्र पुढेंही दीर्घकाळ विहिरींवरच अवलंबून राहिलीं. शहराची हद्द वाढून उपनगरें तींत सामील झालीं तीं १९५० व १९५७ सालीं. तोंपर्यंत विहारचा पैसा कसा खर्चावा ह्यावर मत देण्याचा अधिकार आमच्या गांवांस नव्हता.

आतां पैशाकडे वळूं. धरण सरकारनें बांधलें, पण त्याचा खर्च नगरपालिकेच्या नांवें कर्ज म्हणून लिहिला गेला. हें 'विहारचें कर्ज' पुढें कित्येक वर्षें नगरपालिकेच्या सभांत वादाचा विषय होऊन बसलें. तेव्हांची नगरपालिका म्हणजे सरकारनें नेमलेले कमिशनर. लोकांचा तींत हात नव्हता. १८६५ च्या कायद्यानें सर्व कारभार एका कमिशनराच्या हातीं आला आणि जस्टिस ऑफ दि पीस म्हणविणाऱ्या मंडळीची सभा त्याच्यावर नांवाची देखरेख करूं लागली. हे पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. (नामसादृश्यामुळें कॅप्टन क्रॉफर्डशीं त्यांची गफलत करूं नये.) माणूस धडाडीचा. रस्ते, गटारें, बाजार ह्या सर्वांस त्यांनीं हात घातला. त्यांच्या नांवाचा बाजार पुढें महात्मा फुले मंडई झाला. पण काळ वाईट होता. अमेरिकेच्या यादवी युद्धामुळें कापसाला आलेला भाव १८६५ सालीं कोसळला, शेअरांचा बाजार बुडाला, पेढ्या मोडल्या. आणि ज्या उत्पन्नाच्या भरंवशावर खर्च मांडला होता तें उत्पन्न उरलें नाहीं. १८७१ सालीं करदात्यांनीं जाहीर चळवळ उभारली. कर देणार आम्ही, आणि खर्च करणारा एकटा मनुष्य, तोही आम्हांस न विचारतां, हा प्रकार चालणार नाहीं असें त्यांचें म्हणणें होतें.

ह्या वादांत एका तरुण बॅरिस्टरानें घेतलेली भूमिका आम्हांस विशेष मननीय वाटते. फिरोजशहा मेहता ह्यांनीं क्रॉफर्ड ह्यांच्या कामाची पाठराखण केली. शहराला पाणी व स्वच्छता हवी असेल तर पैसा खर्चावाच लागेल, हें त्यांस मान्य होतें. दोष खर्चाचा नसून घटनेचा आहे, आणि करदात्यांनीं निवडलेले प्रतिनिधि तिजोरीवर बसविल्यावांचून तो दूर व्हावयाचा नाहीं, असें त्यांनीं प्रतिपादिलें. प्रथम त्यांची हुर्यो झाली. परंतु १८७२ च्या कायद्यानें चौसष्ट सभासदांचें जें मंडळ स्थापन झालें त्यांतील निम्मे करदात्यांनीं निवडावयाचे ठरले. मताचा अधिकार अर्थात् बरा कर भरणाऱ्यांपुरताच होता. प्रौढ मतदानाची पद्धत मुंबईंत १९४८ सालीं आली. १८८८ च्या कायद्यानें सभासद बहात्तर झाले, आणि पाणीपुरवठ्याचीं कामें बांधणें व राखणें हें नगरपालिकेचें आवश्यक कर्तव्य म्हणून लिहिलें गेलें. मर्जी असेल तर करावें अशा कामांत तें ठेवलें नाहीं. पाणीपट्टी हा स्वतंत्र करही त्यांत आला. पट्टीला नांवें ठेवणाऱ्या आमच्या सभासदांस आम्ही हेंच सांगतों कीं, नगरसेवक निवडण्याचा जो अधिकार तुम्ही बजावतां तो पुष्कळ अंशीं ह्या पट्टीच्या भांडणांतून निघालेला आहे.

पाणी आलें, पण तें जावें कोठून ह्याचा विचार मागें पडला. नळानें भरपूर पाणी येऊं लागलें. गटारें मात्र होतीं तशींच. सांडपाणी जमिनींत मुरलें, ओल वाढली, आणि चाळींच्या तळमजल्यांवर राहणारांचे हाल पूर्वीहून कमी झाले असें म्हणवत नाहीं. पाण्यासाठीं पैसा मंजूर करून घेणें सोपें असतें. नळाची तोटी लोकांस दिसते; गटार दिसत नाहीं, आणि नाकास आलें तरी त्यावर कर देण्यास कोणी उत्सुक नसतो. मलनिस्सारणाचीं मोठीं कामें त्यामुळें रेंगाळत झालीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला तेव्हां दाट व दमट वस्त्यांनीं काय भोगलें तें सर्वश्रुत आहे.

ह्याच ओघांत विहिरींचीही कथा आहे. डॉ. बेंटली ह्यांनीं १९११ सालच्या आपल्या अहवालांत मुंबईच्या हिंवतापाचा संबंध शहरांतील विहिरींत वाढणाऱ्या डांसांशीं जोडला. मग नगरपालिकेनें विहिरी बुजविण्याचा किंवा झांकण्याचा सपाटा लावला. पारशी व हिंदु समाजांनीं धर्मकृत्यासाठीं विहिरीचें पाणी लागतें म्हणून हरकत घेतली आणि कित्येक ठिकाणीं झांकणाला झडप ठेवून तडजोड झाली. आमच्या समाजालाही ह्यांतली व्यथा परकी नाहीं. लग्नाच्या आदल्या दिवशीं वाजतगाजत विहिरीवर जाऊन 'उंबराचें पाणी' आणण्याची आमची चाल आहे. आतां कितीएक गांवठाणांत ती मिरवणूक इमारतीच्या टांकीपर्यंत जाऊन परतते. आरोग्यखात्याचें त्या काळचें म्हणणें चूक होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. पण नळ आला म्हणून विहीर निकामी ठरविण्यांत जी घाई झाली, तिची किंमत टँकर मागवितांना आज मोजली जाते.

विहार अपुरा पडणार हें लौकरच दिसून आलें. १८६४ च्या गणतींत वस्ती आठ लाखांवर गेली होती. तुळशीचा तलाव १८७९ सालीं पुरा झाला. तो अधिक उंचावर असल्यानें मलबार टेंकडीसारख्या उंच भागांस त्याचें पाणी मिळूं लागलें. पवईचा तलाव १८९० च्या सुमारास घाईनें बांधला. त्याचें पाणी पिण्यास योग्य ठरलें नाहीं, आणि घाईच्या खर्चाचें उदाहरण म्हणून तो अजून डोळ्यांसमोर आहे. ताणसा मात्र विचारपूर्वक झालें. मेजर टुलक ह्यांनीं सुचविलेलें हें धरण शहरापासून दूर, शहापूरच्या रानांत, दोन मैलांच्या आसपास लांबीचें, दगडी बांधणीचें. १८९२ सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाऊन ह्यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. हीं कामें करदात्यांच्या प्रतिनिधींच्या संमतीनें, कर्ज काढून झालीं. फिरोजशहांचें म्हणणें येथें खरें ठरलें असें आम्हांस वाटतें. निवडलेल्या मंडळानें मोठ्या खर्चास हात आंखडला नाहीं. उलट नेमलेल्यांच्या काळीं जो खर्च लोकांस अन्याय वाटला, तसाच खर्च आपल्या माणसांनीं मंजूर केल्यावर त्यांनीं सोसला.

ह्या तलावांमुळें आणखी एक गोष्ट झाली, जी कोणाच्या अंदाजपत्रकांत नव्हती. पाणी निर्मळ राहावें तर भोंवतालचा डोंगर मोकळा हवा. तेथें वस्ती, गुरें, शेतखत नको. म्हणून विहार व तुळशीच्या पाणलोटाची जमीन नगरपालिकेनें राखली. चहूंबाजूंनीं मुंबई वाढत गेली, साष्टीचीं भातशेतें इमारतींखालीं गेलीं, पण ह्या दोन तलावांभोंवतीं झाडी टिकली. १९५० साली राष्ट्रीय उद्यानाचा कायदा होऊन कान्हेरीच्या परिसरांत कृष्णगिरी उपवन निघालें, तेंच पुढें वाढून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान झालें. एक कोटीहून अधिक वस्तीच्या शहराच्या पोटांत सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचें, बिबट्यासह नांदणारें रान असावें, ही गोष्ट जगांत विरळा. तिचें श्रेय निसर्गप्रेमास अवश्य द्यावें. परंतु त्याच्याही आधीं पाणीखात्यास द्यावें लागेल. मात्र रान राखण्याचा भार सर्वांवर सारखा पडला नाहीं. १९९७ सालीं उच्च न्यायालयानें उद्यानांतील अतिक्रमणें हटविण्याचा हुकूम केला. त्यानंतर हजारों झोंपड्या उठल्या; आणि ज्यांचे पाडे उद्यानाच्या आधींपासून तेथें होते, त्या आदिवासींनाही आपण येथलेच आहोंत हें सिद्ध करीत बसावें लागलें. डोंगर सार्वजनिक हितासाठीं राखावयाचा तर जे त्यावर आधीं राहत होते त्यांची व्यवस्थाही सार्वजनिक तिजोरींतूनच व्हावयास हवी होती. ती पुरती झाली नाहीं असें आमचें स्पष्ट मत आहे.

विहार-तुळशीचें महत्त्व आतां बरेंचसें स्मरणाचें उरलें आहे. १९५७ सालीं वैतरणेवरील धरण झालें. नगरपालिकेचे अभियंते मोडक ह्यांच्या नांवानें त्यास मोडकसागर म्हणतात. १९७३ सालीं ऊर्ध्व वैतरणा, पुढें भातसा, आणि २०१४ सालीं मध्य वैतरणा. सातही जलाशय भरले म्हणजे १४,४७,३६३ दशलक्ष लिटर पाणी सांठतें; त्यांत विहारचा वांटा २७,६९८ आणि तुळशीचा ८,०४६. एकट्या भातशाचा वांटा निम्म्याच्या आसपास. म्हणजे पाणी आतां साष्टी ओलांडून शहापूर, मोखाडा ह्या डोंगरी मुलुखांतून येतें. आणि १८६० सालीं साष्टीची जी गत झाली तीच तेथें पुन्हां झाली. धरणांच्या शेजारच्या कित्येक गांवांत उन्हाळ्यांत टँकर जातो. बाया डोकीवर हंडे घेऊन ज्या वाटेनें चालतात, तिच्या जवळूनच मुंबईचा मोठा नळ गेलेला असतो.

कायद्याचें काम म्हणाल तर तें थोडक्यांत सांगतां येईल. महाराष्ट्रानें १९६९ सालीं जलप्रदूषणाविरुद्ध कायदा केला, केंद्रानें १९७४ सालीं. त्यास पैसा मिळावा म्हणून १९७७ सालीं उद्योग व स्थानिक संस्था ह्यांच्या पाणीवापरावर उपकर बसविला; सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्यास त्यांत सूट होती. हा उपकर २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आल्यावर रद्द झाला. तत्त्व त्यांत चांगलें होतें, कारण जो पाणी घेतो त्यानेंच त्याच्या शुद्धीचा खर्च द्यावा असा त्याचा अर्थ. तो गेला ह्याचें आम्हांस वाईट वाटतें. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें नगरपालिकांकडे सोंपवावयाच्या कामांत पाणीपुरवठ्याबरोबर पर्यावरणाचें रक्षण व नागरी वनीकरण हींही नमूद केलीं. इकडे मुंबईंत १९७० च्या दशकांत जागतिक बँकेच्या कर्जाबरोबर पाणी व मलनिस्सारण ह्यांचा हिशेब बाकीच्या कारभारापासून वेगळा झाला. महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकांत हा भाग 'ग' ह्या अक्षरानें ओळखला जातो. आमच्या मतें ही व्यवस्था उत्तम, कारण पाण्याचा पैसा रस्त्यांत विरघळत नाहीं. तथापि वेगळ्या हिशेबानें एक भ्रमही उत्पन्न होतो. नळ, पंप व शुद्धीकरण केंद्र एवढेंच पाणी, अशी समजूत होते. डोंगर व नदी हिशेबाबाहेर राहतात.

आमच्या धर्मग्रामांतील कांहीं कुटुंबांचीं मुलें न्यूयॉर्कांत आहेत, म्हणून त्या शहराचा दाखला येथें देतों. न्यूयॉर्कला बहुतेक पाणी शंभर-सव्वाशें मैलांवरील कॅट्स्किल व डेलावेअर खोऱ्यांतून येतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या शहरानेंही सक्तीनें जमिनी घेऊन तेथील गांवें बुडविलीं आणि त्याचा राग त्या खोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिला. पुढें १९८९ सालीं केंद्रशासनानें नियम केला कीं, उघड्या जलाशयांचें पाणी गाळून द्यावें, नाहींतर तें मुळांतच निर्मळ राहतें हें सिद्ध करावें. गाळण्याच्या कारखान्यास अब्जावधि डॉलर लागले असते. तेव्हां १९९७ सालीं शहर, राज्य व खोऱ्यांतील गांवें ह्यांच्यांत करार झाला. शहरानें आपल्या पाणीपट्टींतून खोऱ्यांतल्या गांवांचीं मलशुद्धीकरण केंद्रें सुधारावीं, शेतकऱ्यांस शेणखत ओढ्यांत न जाऊं देण्यासाठीं साहाय्य करावें, जमीन घ्यावयाची तर राजीखुशीनें विकणाऱ्याचीच घ्यावी आणि घेतलेल्या जमिनीवर त्या गांवास रीतसर कर द्यावा, असें ठरलें. करार प्रेमानें झाला नाहीं. हिशेबानें झाला, आणि म्हणूनच तो टिकला असावा. शहापूरच्या गांवांशीं मुंबईनें असा कागद कां करूं नये, हें आम्हांस उमगत नाहीं. बृहन्मुंबई महानगरपालिका ही देशांतील सर्वांत श्रीमंत नगरपालिका म्हणून ओळखली जाते.

पाण्याच्या हिशेबांतून शहराच्या आंतले लोकही सुटतात. झोंपडपट्टींत अमुक सालानंतर आला म्हणून नळ नाहीं, ही प्रथा मुंबईंत वर्षानुवर्षें चालली. डिसेंबर २०१४ मध्यें उच्च न्यायालयानें सांगितलें कीं, झोंपडी अनधिकृत असली तरी माणसाचा पाण्याचा हक्क जात नाहीं. ज्याला नळ नाहीं तो पाणी पीत नाहीं असें थोडेंच आहे? तो तें पिंपानें विकत घेतो, आणि अधिकृत ग्राहकाहून कितीतरी महाग. पट्टी भरण्याची त्याची तयारी असते. त्याच्याकडून ती घेणारें कोणी नसतें.

मिठी नदीची हकीकत सांगून हा लेख संपवूं. विहारचें धरण ज्या नदीवर झालें ती हीच. वर तिचें पाणी अडविलें, तें मोलाचें ठरलें, त्यासाठीं कर्जें काढलीं, पाणलोटाला पहारा बसला. धरणाखालीं मात्र तीच नदी नाला म्हणून गणली गेली. तिच्यांत कारखान्यांचें तेल गेलें, गोठ्यांचें शेण गेलें, वस्त्यांचा मैला गेला; कांठ भराव घालून आवळले. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्रीं कुर्ला, कलिना, मरोळ ह्या भागांतील लोकांनीं काय पाहिलें तें लिहून सांगण्याची गरज नाहीं. ह्या अंकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांत पाणी होतें. त्यानंतर मिठी नदीसाठीं निराळें प्राधिकरण निघालें, आणि डॉ. माधवराव चितळे ह्यांच्या समितीनें २००६ सालीं आपला अहवाल दिला. नदी रुंद झाली, कांठीं भिंती उभ्या राहिल्या, गाळ उपसण्यावर दरवर्षीं पैसा जातो. परंतु नदींत उतरणारा मैला वरच्या वर अडविल्यावांचून गाळ उपसणें म्हणजे छप्पर गळत असतां जमीन पुसणें होय.

हा खर्च योग्य होतो कीं नाहीं हें विचारावयाचें कोणी? मार्च २०२२ मध्यें महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेलें सभागृह मुंबईस नव्हतें. अंदाजपत्रकें प्रशासकानें मांडलीं व प्रशासकानेंच मंजूर केलीं. १८७१ सालच्या करदात्यांनीं ज्या गोष्टीसाठीं सभा गाजविल्या, ती दीडशें वर्षांनीं अशी गुपचूप हातची गेली, आणि आमच्या आळींत त्याबद्दल कोणी अवाक्षर काढल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. पाणीपट्टी पांच रुपयांनीं वाढली तेव्हां मात्र चर्चा पुष्कळ झाली.

श्रावणांत विहार काठोकाठ भरतो व त्याच्या सांडव्यावरून पाणी वाहूं लागतें. सांडव्यापाशीं तें स्वच्छ असतें. पवईचा ओघ मिळून तें मरोळवरून कुर्ल्याकडे उतरतें, आणि सुमारे अठरा किलोमीटरांनंतर माहीमच्या खाडींत जातें तेव्हां त्याचा रंग काळा झालेला असतो.